घर हिते आहे

वकिलीच्या धंद्यात मी अशिलाला निर्दोष ठरवायला भांडलो, मालक ठरवायला भांडलो, एकदा तर एका म्हाताऱ्याला जिवंत ठरवायलाही भांडलो. पण माझी अशील परदेशी आहे हो, खरोखर परदेशी आहे, असं सरकारी कचेरीत घसा कोरडा होईपर्यंत सांगायची वेळ एकदाच आली. आणि ते कशासाठी, तर तिला याच देशात राहू द्यावं म्हणून.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. जळगावला एका बुजुर्ग वकिलांच्या हाताखाली मी नुकताच लागलो होतो. सगळं कोर्ट त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही नाना म्हणायचो. पिंप्राळ्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या आणि पारोळ्याकडच्या आमच्या खेड्यातून आईला आणलं होतं. आईची बोली अस्सल खानदेशी. ‘आहे’ हा शब्द तिच्या तोंडात उभ्या जन्मात आला नाही. तिचा ‘शे’ म्हणजे ‘शे’. माझा ‘शे’ मात्र कॉलेजातच गळाला. ‘मना जोडे पुस्तक शे’, म्हणजे माझ्याजवळ पुस्तक आहे, असं एकदा वर्गात बोलून गेलो, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “किती शे? एकशे का दोनशे?” त्या दिवसापासून मी ‘आहे’ म्हणायला लागलो, आणि इतकं नेटानं म्हणायला लागलो की आई म्हणायची, “काय रे, घरमा बी कोर्ट भरायेल शे का?”

आमच्या शेजारी बांगड्या, रिबिनी, टिकल्या असल्या मालाचं कटलरीचं दुकान होतं. दुकानदार सिंधी. फाळणीच्या वेळी आपल्या आईचा हात धरून तो जळगावला आला, आधी कॅम्पात राहिला आणि हातात चार पैसे आल्यावर पिंप्राळ्यात घर करून बसला. त्याला दोन बहिणी. दोघींची लग्नं फाळणीआधीच, अगदी लहानपणी झालेली. मोठीच्या सासरचे निघाले आणि धुळ्यात येऊन स्थिरावले. धाकटीच्या सासरच्यांनी तिथंच राहायचं ठरवलं. कोण कोणत्या देशाचं हे देशाच्या पुढाऱ्यांनी ठरवलं असं आपण शाळेत शिकतो. या घरात ते सासूसासऱ्यांनी ठरवलं.

ती धाकटी बहीण त्या उन्हाळ्यात भावाकडे आली. पन्नाशी ओलांडलेली, उंच, विधवा, मूलबाळ नाही. तिकडे तिच्या नवऱ्याचं दुकान जळलं होतं. कोणी जाळलं ते सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त ठाण्याला माहीत नव्हतं. नवऱ्यानं ते मनाला लावून घेतलं आणि वर्षभरात तो गेला. नंतर घरावर दगड यायला लागले. शेजारच्या मुसलमान बाईनं तिला आपल्या घरात झोपायला नेलं, महिनोन्‌महिने नेलं, आणि शेवटी तीच म्हणाली, बहिणी, आता जा, मी तरी किती दिवस पुरणार. स्टेशनवर पोचवायलाही तीच आली होती. ही सगळी हकीकत तिनं भावाच्या दुभाषेपणातून आम्हांला सांगितली. रडली नाही. शेजारणीचं सांगताना मात्र रडली.

पिंप्राळ्यातल्या बायका तिला अक्का म्हणायला लागल्या, म्हणून मीही अक्काच म्हणायचो. ती मला ‘अदा’ म्हणायची. सिंधीत अदा म्हणजे भाऊ.

तिचा व्हिसा भेटीचा होता. भेट संपली की परत. भावानं तिला घेऊन नानांचं ऑफिस गाठलं आणि हात जोडून सांगितलं, “नाना, माझी बहीण निर्वासित आहे. तिला ठेवून घ्या.”

नानांनी चष्मा काढून पुसला. असं ते वाईट बातमी द्यायची असली की करत. “निर्वासित तुम्ही होता शेठ, सत्तेचाळीस साली. तुमच्यानंतर ते खातं बंद झालं. आमच्या कायद्यात निर्वासित असा माणूसच नाही. एक तर भारतीय, नाही तर परदेशी. तुमची बहीण परदेशी.”

“पण तिकडे ती राहू शकत नाही.”

“ते कायदा विचारत नाही. कायदा विचारतो, मुदत कधी संपते.”

नाना असे बोलले तरी वाट त्यांनीच दाखवली. मुदतवाढ मागायची, ती संपली की पुन्हा मागायची, अशी पुरेशी वर्षं इथं काढली, की कलेक्टर कचेरीत नागरिकत्वाचा अर्ज. आईबाप अखंड हिंदुस्थानात जन्मलेले, तेव्हा आशेला जागा होती. फक्त दर खेपेला पोलिसांची चौकशी होणार. “तेव्हा घाबरायचं नाही,” नाना अक्काला म्हणाले. “पोलिस आला, काहीही विचारलं, तरी एकच सांगायचं. माझं घर इथं आहे. समजलं?”

भावानं ते सिंधीत करून सांगितलं. अक्कानं मान डोलावली आणि पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं, “मुंहिंजो घर हिते आहे.”

नाना खूश झाले. कायदेशीर मदत म्हणतात ती हीच. पुढं जे रामायण घडलं त्याची सुरुवात या मदतीतून झाली.

आमच्या भागातल्या ठाण्यात तेव्हा एक शिपाई नवा बदलून आला होता, सातारकडचा. खानदेशात येऊन तो गरीब अगदी वैतागला होता. ऊन असं की पायातलं चामडं मऊ पडावं, जेवायला बसलं तर शेवेची भाजी, आणि बोलायला जावं तर जो तो ‘आहे’ला ‘शे’, ‘सगळा’ला ‘बठ्ठा’, ‘का’ला ‘काबर’. आपण महाराष्ट्रातच आहोत ना, असं तो मला नंतर एकदा अगदी मनापासून विचारत होता. तर हा शिपाई चौकशीला आला तेव्हा अक्का घरात एकटी होती. भाऊ मालाच्या खरेदीला सुरतेला, भावजय बाजारात. भावजयीनं तिला येताच पांढरी पाचवारी नेसायला लावली होती, त्यामुळे दारात उभी राहिली ती आपल्याकडची कोणीही वयस्क बाई दिसावी अशी.

“घरात कोण पुरुष माणूस?” शिपायानं विचारलं.

‘माण्हू’ म्हणजे माणूस, हे सिंधीतही तसंच. तिला तेवढं कळलं. “माण्हू नाहे,” ती म्हणाली. ‘नाहे’ म्हणजे नाही.

“पाकिस्तानातनं बाई आल्यात, त्या कुठं राहत्यात?”

गणवेश आणि ‘पाकिस्तान’ एवढ्या दोन गोष्टींनी अक्काच्या तोंडचं पाणी पळालं. नानांनी पढवलेलं वाक्य तिनं धरून ठेवलं होतं, ते सोडलं. “मुंहिंजो घर हिते आहे.”

पहिला शब्द शिपायाच्या कानावरून गेला असावा. उरलेलं वाक्य त्याच्या आईनं म्हणावं असं होतं. घर हितं आहे! महिनोन्‌महिने ‘घर आठे शे’ ऐकून किटलेल्या कानांना तो अमृताचा थेंब वाटला. त्यानं टोपी काढली आणि गाव कुठलं विचारलं.

आता अक्काचं सिंधमधलं गाव शिकारपूर. तिनं ते सांगितलं.

“शिक्रापूर? पुण्याच्या अलीकडलं? अवं मग तुम्ही आमच्याच की!”

तो ओट्यावर बसला. तिनं चहा दिला, त्यानं तो पेला भरून दोनदा घेतला आणि आपली सगळी कर्मकहाणी तिला सांगितली. बायको गावी, बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर, इथलं पाणी जड. अक्काला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण दुःखी माणसाला कसं ऐकायचं हे तिला ठाऊक होतं. मधूनमधून ती ‘आहे, आहे’ म्हणत राहिली. जाताना तो तिच्या पाया पडला. भाऊ परत आल्यावर ती म्हणाली, पोलिस फार चांगला होता, काम झालं. भावानं आम्हांला पेढे दिले. मी ते खाल्ले.

पुढच्या महिन्यात नोटीस आली. चौकशी केली असता सदर पत्त्यावर कोणीही पाकिस्तानी महिला मिळून आली नाही. तेथे शिक्रापूर, जिल्हा पुणे येथील एक वयस्क बाई राहते. सबब परदेशी महिला पत्त्यावरून निघून गेल्याचे दिसते. मुदतवाढ देता येत नाही. मुदत संपण्यापूर्वी तिने मायदेशी परत जावे. जी बाई त्या पत्त्यावर मिळून आली नव्हती, तिला ही नोटीस त्याच पत्त्यावर बजावली होती आणि तिनं अंगठा न उठवता सिंधीत सही करून ती घेतली होती. नोटीस आणणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी ती वाचून दाखवली. भाऊ डोक्याला हात लावून बसला. अक्का एकाच शब्दापाशी अडली. “अदा, मायदेश म्हणजे?”

मी हिंदीत सांगितलं, माय म्हणजे आई. आईचा देश.

ती विचार करत बसली. मग मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, “पण आई तर इथंच गेली.” भावाबरोबर आलेली त्यांची म्हातारी जळगावातच वारली होती, मेहरूणच्या बाजूच्या स्मशानात तिला नेलं होतं. अक्काला तिचं शेवटचं दर्शन झालं नव्हतं. “मग मी कुठं परत जाऊ?”

मला राग आला होता, आणि तो नेमका कोणावर काढावा तेही समजत नव्हतं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, तसली गत. एका देशानं दगड मारून काढली, दुसरा म्हणतो तू इथं आलीच नाहीस.

नाना म्हणाले, “उपाय सोपा आहे. ती पाकिस्तानी आहे हे सिद्ध करायचं.”

कचेरीत गेलो. परदेशी नागरिकांचं टेबल सांभाळणारे कारकून सज्जन होते. म्हणाले, पासपोर्ट आहे हो आमच्याकडे, त्याबद्दल वादच नाही. पण पासपोर्टवरची बाई कुठंय? मी म्हटलं, ही काय, समोर उभी आहे. ते म्हणाले, या तर शिक्रापूरच्या.

मला याचं फार नवल वाटलं नाही. मी बौद्ध. बौद्ध म्हणून शिष्यवृत्ती मागायला गेलो, तेव्हा जी जात आम्ही घरादारासकट सोडली ती माझीच होती याचा दाखला आधी आणायला लावला होता. ज्यातून बाहेर पडलो त्यात पक्के होतो हे दाखवल्याशिवाय बाहेर पडल्याचं कोणी मानत नाही. तो दाखला काढायला माझ्या बापानं पारोळ्याच्या कचेरीचे उंबरठे झिजवले होते, आणि देणाऱ्यानं देताना ‘घ्या, झालात का पुन्हा तेच’ असं म्हणून हसून घेतलं होतं. म्हणून अक्काच्या शेजारी उभा राहून तिला परदेशी, परदेशी म्हणताना मी जरा जास्तच तापत होतो.

शिपायाला मी कचेरीबाहेरच्या टपरीवर गाठलं. म्हटलं, अहो, तुमचा अहवाल चुकलाय, तेवढा दुरुस्त करून द्या.

“वकीलसाहेब, ह्या कानांनी ऐकलंय,” तो म्हणाला. “घर हितं आहे म्हनली बाई. पाकिस्तानात काय हितं म्हनत्यात व्हय?”

“म्हणतात. सिंधीत म्हणतात.”

“आन्‌ आहे?”

“आहेसुद्धा म्हणतात.”

त्यानं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “साहेब, तुमच्या हितल्या लोकांना जे म्हनता येत न्हाई, ते पाकिस्तानात म्हनत्यात?”

त्याचं बोलणं खरं होतं.

शेवटी नानांनी वरच्या साहेबांपुढं सुनावणी लावून घेतली. मुदत संपत आली होती. हे चुकलं तर अक्काला अटारीची गाडी धरावी लागणार होती, आणि त्या टोकाला आता दगड मारणारे तेवढे उरले होते. शेजारीण मुलाकडे कराचीला गेल्याचं पत्र आलं होतं. सुनावणीच्या दिवशी अक्कानं सकाळपासून पाणीही घेतलं नाही. आई तिच्या दारात जाऊन म्हणाली, “घाबरू नको व माय, बठ्ठं चांगलं व्हई.” अक्काला शब्द समजले नाहीत. तिनं आईचा हात घट्ट धरला.

साहेब विदर्भाकडचे, शांत, कामाच्या ढिगाखाली दबलेले. एका बाजूला नाना आणि मी, दुसऱ्या बाजूला शिपाई ताठ उभा, मध्ये अक्का. नानांनी प्रकरण मांडलं. साहेबांनी कागद पाहिले आणि म्हणाले, “भांडण कशाला? बाईंना सिंधीत काही बोलू द्या. लगेच कळेल.”

इतकं सोपं होतं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. भावानं तिला खूण केली.

अक्का म्हणाली, “मुंहिंजो घर हिते आहे.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “माझं घर इथं आहे. बरोबर?”

“बरोबर,” नाना नाइलाजानं म्हणाले.

“मग ही मराठीच झाली की.”

शिपायाच्या मिशीत हसू फुटलं. नाना घाईनं म्हणाले, आणखी बोला, दुसरं काही बोला. अक्का म्हणाली, “मुंहिंजी माउ हिते मुई.”

“माऊ म्हणजे माय,” साहेब स्वतःशी लावत गेले, “माझी माय इथं मेली.” त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग त्यांनी मान हलवली. “नाना, मला हे सगळं समजतंय हो.”

हीच तर अडचण होती. तिचं दुःख साहेबांना दुभाष्याशिवाय समजत होतं, आणि म्हणून ते विचारात घेता येत नव्हतं.

तेवढ्यात शिपाई मध्ये पडला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की ही आपली म्हातारी कुठल्या तरी सिंध्यांच्या लफड्यात अडकली आहे आणि तिला वाचवलं पाहिजे. “मावशी,” तो मोठ्यानं म्हणाला, “कोनाच्या दबावाखाली असशीला तर सांगा. पाकिस्तानचं नाव घिऊ नगा. जावा परत शिक्रापूरला, तुमच्या घरी. मी सोडतो यष्टीनं.”

अक्काला त्यातले दोनच शब्द पोचले, ‘परत’ आणि ‘शिक्रापूर’. तिच्या कानात ते शिकारपूर होतं. ज्याला आपण चहा पाजला, ज्याची रडगाणी ऐकली, तो भरल्या कचेरीत म्हणतोय, परत जा शिकारपूरला.

आणि मग ती भडकली. इतके दिवस खाली मान घालून बसणारी ही बाई वीतभर उंच झाल्यासारखी वाटली. तिनं शिपायाकडे बोट रोखलं आणि सिंधीचा असा काही भडिमार सुरू केला की टायपिस्टबाईंची बोटं थांबली. त्यात आत ओढून काढलेले ग होते, घशात बुडालेले ब आणि ड होते, नाकातून आलेले सूर होते. श्वास न घेता, एकापाठोपाठ एक. दगड, दुकान, नवरा, ओट्यावरचा चहा, सगळं त्यात असणार. भाऊ शरमेनं खाली बघत होता, म्हणजे काही खास शब्दही असणार. ‘आहे’ त्यात असेल तर वाहून गेला होता. आम्हांला एक अक्षर कळलं नाही.

साहेब पुढं झुकून ऐकत होते. ती दमून थांबली, तेव्हा त्यांनी अगदी समाधानानं पेन उचललं.

“हं. आता पटलं. परदेशी आहेत.”

मुदतवाढ मिळाली. शिपाई बाहेर येऊन कितीतरी वेळ कडुलिंबाखाली उभा होता. मला म्हणाला, “साहेब, शिव्या दिल्या व्हय मला?” मी म्हटलं, मला सिंधी येत नाही. तो म्हणाला, “दिल्याच. पन आईवानी दिल्या.” पुढं त्याची बदली झाली तेव्हा तो तिला भेटून गेला.

मुदतवाढीला एक अट होती. परवाना जळगाव जिल्ह्यापुरता. धुळ्याची मोठी बहीण अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. तिला जळगावला आणणं शक्य नव्हतं आणि अक्काला धुळ्याला जायचं तर पोलिसांची लेखी परवानगी. सरहद्द ओलांडून ती आली, पण पारोळ्यापलीकडे तिचा देश लागत नव्हता. पहिली परवानगी आली ती मागितलेली तारीख उलटून गेल्यावर. दुसरी वेळेत आली. धुळ्याला उतरलं की आधी ठाण्यात जाऊन ‘आले’ म्हणून नोंद करायची, निघताना ‘चालले’ म्हणून नोंद करायची. त्या दिवशी ठाण्यात कसला तरी बंदोबस्त होता. नोंद करणारा हवालदार येईपर्यंत दुपार टळली. चाळीस वर्षांनी भेटलेल्या बहिणीजवळ ती जेमतेम चहापुरती बसली आणि ‘चालले’ सांगायला पुन्हा ठाण्यात गेली. मोठीला बोलता येत नव्हतं. तिनं धाकटीचा पदर धरून ठेवला होता, तो सोडवून घ्यावा लागला. हे मला अक्कानं एकदाच सांगितलं आणि पुढं धुळ्याचं नाव निघालं की ती दुकानात जाऊन बांगड्या लावत बसायची.

अशी वर्षं गेली. दरवर्षी चौकशी, दरवर्षी अक्का परदेशी ठरायची आणि आम्ही सुटलो म्हणायचो. दुकानात ती बसायला लागली. गिऱ्हाइकं सगळी अमळनेर-पारोळ्याकडून नांदायला आलेल्या बायका. दुपारी सोबतीला माझी आई. बांगडी भरता भरता अक्का त्यांची बोली उचलत गेली. आधी ‘काय व’, मग ‘बठ्ठं’, आणि एक दिवस मी ऐकलं तर ती एका बाईला सांगत होती, “हाऊ रंग तुले चांगला दिसस, पक्का शे.” ‘अदा’चं कधी ‘भाऊ’ झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही. आईला त्याचा कोण अभिमान. माझ्याकडे बघून म्हणायची, “दखा, पाकिस्ताननी बाईले येस, आनि मना पोऱ्याले नही येस.”

नव्वदचं दशक लागल्यावर नागरिकत्वाचा अर्ज कलेक्टर कचेरीतून फिरत फिरत एकदाचा मंजूर होऊन आला. शपथेचा दिवस आला. आता टेबलामागं नवे साहेब होते, पुण्याचे, तरुण. त्यांनी कागद चाळले, अक्काकडे पाहिलं आणि सहज विचारलं, “आपण राहणार कुठल्या, बाई?”

अक्का ताठ उभी होती. “मी आठलीच शे साहेब. पिंप्राळानी.”

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. ते माझ्याकडे वळले. “वकीलसाहेब, यांना अजून मराठी येत नाही का? ही सिंधी का?”

‘आहे’ म्हणायची तेव्हा ती शिक्रापूरची ठरली, ‘शे’ म्हणते तर पाकिस्तानची ठरतेय. इतक्या वर्षांत कोर्टात, कचेरीत मी जो शब्द एकदाही उच्चारला नव्हता, तो त्या क्षणी आपोआप आला.

“नही साहेब,” मी म्हटलं. “ही आठली भाषा शे.”

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. “तुम्हीही तिकडचेच का?”

“हो. पारोळ्याकडचा.”

ते कसनुसं हसले आणि शपथेचा कागद पुढं सरकवला. अक्कानं तो छापील मराठीत, अडखळत, सगळे ‘आहे’ जागच्या जागी ठेवून वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. हातात पिशवी, पिशवीत मोठीसाठी खसखशीचा हलवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला नागरिकत्वाचा दाखला. मला धुळ्याच्या कोर्टात काम होतं, एकाच एसटीनं निघालो. वाटेत पारोळ्याचा किल्ला गेला तेव्हा तिनं खिडकीतून मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो, तर ती बहिणीच्या घराकडे न वळता ठाण्याच्या रस्त्याला लागली.

“अक्का, आता तिकडे कशाला?”

“नोंद करनी पडी ना भाऊ.”

मी पुष्कळ समजावलं. ऐकेना. एवढ्या वर्षांची सवय, आणि सवयीपेक्षा भीती. न सांगता गेले आणि उद्या कोणी म्हटलं, मिळून आली नाही, तर? शेवटी मीही मागोमाग गेलो.

ठाण्यात टेबलाशी एक जाडसर हवालदार बसला होता, इथलाच, धुळ्याकडचा. “काय शे अक्का?” त्यानं विचारलं.

“मी उनी,” तिनं ‘आले’ची वर्दी दिली आणि दाखला पुढं केला.

त्यानं तो उलटसुलट पाहिला. काय समजायचं ते त्याला कळेना. “मंग?”

“नोंद.”

“कसानी नोंद? चोरी व्हयनी का? हानामारी?” ती मानेनं नाही म्हणत राहिली. हवालदार वैतागला. त्यानं दाखल्याची घडी करून तिच्या हातात दिली. “मंग आठे काय काम शे तुनं? घर जाय.”

अक्का हलली नाही. माझ्याकडे वळली आणि, तिला खानदेशी माझ्याइतकीच येत असताना, तिनं मला विचारलं, “काय म्हनस तो?”

“घरी जा म्हणतो.”

“परत सांग म्हना.”

मी काही म्हणायच्या आत हवालदारच खुर्चीतून अर्धा उठला आणि ओरडला, “घर जाय ना व माय!”

तिनं हात जोडून त्याला नमस्कार केला. तोंडावर पदर घेऊन ती तशीच तिथं उभी राहिली, आणि हसतेय की रडतेय ते पाहायला मी पुढं झालो नाही. मग तिनं पिशवी उचलली. बहिणीच्या घराचा रस्ता तिला एकदाच जाऊन पाठ झाला होता. मी मागून चालत होतो, आणि संध्याकाळी परतायचं नव्हतं तरी ती इतकी झपझप चालत होती की मला गाठता येईना.